एलिमेंट, केरोसीन आणि बाटलीतला इलाज

मंडळी, मिरग तोंडावर आला आहे. वखरणी उरकत आली, तिफणी निघाल्या, आणि तालुक्यातल्या पंप दुरुस्त करणाऱ्याकडे दरवर्षीसारखी रांग लागणार. आजचा विषय आहे 'डिझेल पंपावरच्या नव्या इलाजाची पारख'. पंप म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा, रस्त्यावरचा पेट्रोल पंप नव्हे. त्याच्याकडे येतोच. त्याआधी ही वस्तू पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. फडक्यात धरा, आतल्या दांडीला बोट लावू नका. हाताच्या घामाने ती गंजते.

ही एलिमेंटची, म्हणजे पंपात डिझेलला दाब देणाऱ्या भागाची, जोडी आहे. बाहेरचं नळकांडं म्हणजे बॅरल, आतली दांडी म्हणजे प्लंजर. दोघांमधली फट २ ते ४ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. ज्यांच्या डोक्यावर अजून शिल्लक आहे त्यांनी एक उपटून अंदाज घ्यावा! या फटीत ना रबरी सील आहे, ना रिंग. तिथे डिझेलच सील आहे आणि डिझेलच वंगण. म्हणून ही जोडी घासून-घासून एकमेकांसाठीच बनवलेली असते. एका बॅरलमध्ये दुसऱ्याचा प्लंजर घालता येत नाही.

चांगली जोडी ओळखायची साधी रीत सांगतो. जोडी डिझेलमध्ये ओली करून तिरपी धरा. प्लंजर आपल्या वजनाने सावकाश, न अडखळता खाली सरकला पाहिजे. मग बॅरलची वरची बाजू आणि भोकं बोटांनी बंद करून प्लंजर थोडा ओढून सोडा. तो मागे खेचला गेला पाहिजे. खेचला गेला नाही तर जोडी खाल्ली आहे, म्हणजे झिजली आहे. आणि आता फिरत असलेल्या या जोडीवर, वरच्या टोकाला, भोकासमोर पांढुरके ओरखडे दिसतील. काच घासल्यासारखे. ते मातीचे आणि पाण्याचे आहेत.

अशा जोड्या एका रांगेत बसवलेला हा लाइन पंप बॉशने १९२७ मध्ये विकायला काढला, आणि आपल्याकडे १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, निघाली, म्हणून आजही आपण 'मायको पंप' म्हणतो. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, आपली जीभ बदलली नाही. पंपाची मूळ रचना मात्र तीच, आणि तिचे शत्रूही तेच तीन. पाणी, माती, हवा.

आता माझ्या मनातली खरी तक्रार सांगतो. पंप बिघडला की लोक पंप उघडतात. टाकी कोणी उघडत नाही. ट्रॅक्टरचा मालक फवारणीच्या जुन्या कॅनमध्ये डिझेल आणतो, त्यात औषधाचा अंश असतो, बूच सैल असतं, आणि वावराच्या बांधावर उन्हात ते तीन दिवस राहतं. गॅल्व्हनाइज्ड ड्रममध्ये भरलं तर जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या, भोकांवर साचतं. ड्रम आणला की २४ तास स्थिर राहू द्या, एका बाजूने किंचित उंच ठेवा, आणि नळी तळापासून चार बोटं वर. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी भरा. रिकाम्या टाकीत रात्री हवेतली ओल पाणी होऊन उतरते. पावसाळ्यात पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा बूच आठवड्यातून एकदा उघडून काचेच्या बाटलीत घ्या. काम फक्त पाच मिनिटांचं. बाटली उभी ठेवली की पाणी तळाशी बसतं आणि सगळं दिसतं.

फिल्टर बदलताना एक चूक जवळजवळ प्रत्येक गावात होते. नवा फिल्टर बसवण्याआधी मिस्तरी बादलीतलं डिझेल वरून ओततो, 'हवा लवकर निघावी' म्हणून. ते डिझेल मधल्या भोकातून, म्हणजे गाळलेल्या बाजूने आत जातं. बादलीतली माती सरळ पंपाकडे! फिल्टर कोरडाच बसवा आणि प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या छोट्या पंपाने, भरा. सांध्याला टेफलॉनची पट्टी, एम-सील, सुताचा धागा लावू नका, त्याचे तुकडे आत जातात. तांब्याचा वायसर एकदा दबला की दुसऱ्यांदा धरत नाही, नवा टाका, किमतीने तो चहाच्या कपापेक्षा मोठा नाही.

आता केरोसीन आणि बाटली, म्हणजे पंप वाचावा म्हणून लोक डिझेलमध्ये मिसळतात ते केरोसीन आणि बाजारात बाटलीतून मिळणारं औषध. यामागे एक गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून लोक फसतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण नियमाचं डिझेल आहे. गंधक फक्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०. आधीच्या बीएस-३ मध्ये ते ३५० होतं. गंधक काढताना डिझेलमधले वंगणाचे घटकही निघून जातात, हे खरं. 'म्हणून डिझेल कोरडं झालं, म्हणून बाटली टाका' हे पुढचं अर्धं मात्र खोटं. डिझेलचा कारखाना वंगण परत घालतो. त्याची चाचणी आहे. ६० अंशाच्या डिझेलमध्ये पोलादाची ६ मिलिमीटरची गोळी ७५ मिनिटं घासतात, आणि घासल्याची खूण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठी नसावी लागते. केरोसीन मिसळलं की हीच खूण वाढते. बाटलीत काय आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसेल तर ते तुमच्या पंपावर चाललेलं प्रयोगकाम आहे, आणि खर्च तुमचा.

कोणी टू-स्ट्रोक ऑइल टाकतो, कोणी टाकीत एक-दोन लिटर इंजिन ऑइल. आणि ट्रॅक्टर खरंच चालू होतो, म्हणून विश्वास बसतो. कसा चालू होतो ते बघा. रोटरी पंपाचं हेड, म्हणजे सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा फिरता भाग, झिजलं की सकाळी गाडी लगेच लागते, दुपारी गरम असताना लागत नाही. चैत्र-वैशाखात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, डिझेल पातळ होतं, आणि झिजलेल्या फटीतून दाब निसटतो. अशा वेळी पंपाच्या हेडवर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. गाडी लागली तर हेड झिजलं आहे, दुसरं काही शोधू नका. इंजिन ऑइल टाकणारा हेच ओलं फडकं बाटलीतून देतो. डिझेल घट्ट होतं, रोग झाकला जातो, आणि ते तेल नीट न जळता नोझलच्या टोकावर कोळसा होऊन साचतं. धूर वाढतो, पिस्टन तापतो. एका हेडचा खर्च वाचवताना चार नोझल जातात.

मला पाच मिनिटांची चिठ्ठी मिळाली आहे, म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता घाईत.

कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरसाठी दाबाखालचं डिझेल साठवणारी एकच नळी, आता ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांत आली आहे, १ जानेवारी २०२३ पासूनच्या ट्रेम-४ या ट्रॅक्टरांच्या धुराच्या नियमामुळे. तिथे दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीच्या, कितीतरी वर. या रेलला 'पॉवर वाढवणारा डबा' लावतात. तो दाबाच्या सेन्सरचा आकडा कॉम्प्युटरला खोटा सांगतो, कॉम्प्युटर दाब वाढवतो, आणि पंप मर्यादेबाहेर चालतो.

अमेरिकेत बॉशच्या सीपी-४ जातीच्या कॉमन रेल पंपावर मोठी चर्चा झाली. त्यात कॅमवर, म्हणजे फिरत्या दांड्याच्या उंचवट्यावर, फिरणाऱ्या रोलरचं टॅपेट (रोलर धरणारा भाग) आडवं वळलं की लोखंडाचा चुरा होतो आणि तो रेल, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) सगळीकडे जातो. तिथे बायपास किट विकतात. ते कॅमच्या खोलीतलं डिझेल गाळून टाकीकडे वळवतं. ते इंजेक्टर वाचवायला मदत करतं, पंप वाचवत नाही. विकणारा 'पंप मरणार नाही' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलतो.

म्हणून कोणताही इलाज घेताना विचारा. हा कारण काढतो की लक्षण झाकतो? फेल झाला तर चुरा कुठे जाईल? वॉरंटीवर काय लिहिलं आहे? उत्तर लेखी मागा.

इलाजाआधी जुना फिल्टर कापा. कागदाला चुंबक लावा. चमकणारा चुरा चिकटला तर कॉमन रेलमध्ये नुसता पंप बदलून भागत नाही, इंजेक्टर, रेल, नळ्या आणि टाकी सगळं बघावं लागतं. चुरा नसेल तर आधी हवा शोधा. परतीच्या नळीत पारदर्शक पाइपाचा तुकडा लावा आणि बुडबुडे बघा. जुन्या यांत्रिक पंपात हवा काढायला नोझलचे नट सैल करून स्टार्टर १० सेकंद फिरवता येतो. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनवर नट सैल करायचा नाही, फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जा.

शेवटचं, पंप बेंचवर, म्हणजे दुकानातल्या तपासणीच्या यंत्रावर, देताना. पंपाच्या पाटीवरचा नंबर वहीत लिहून घ्या. 'ओढ वाढवून द्या' म्हणून फुल-लोडच्या, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जावं ते ठरवणाऱ्या, स्क्रूचं सील तोडायला लावू नका. काळा धूर निघतो तो न जळलेल्या डिझेलचा, तुमच्याच पैशाचा. परत आणताना खाल्लेले एलिमेंट मागून घ्या, नवं सील बघा, आणि प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल पडलं त्याची चाचणीची चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर सगळेच आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक जरी बाजूला पडला, तर पंप ट्रॅक्टरला चढवण्याआधी परत बेंचवर ठेवायला सांगा.