केन लोच: कॅमेरा लांब ठेवणारा दिग्दर्शक

हा टँकर्सलीचा जुना वाडा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, बार्न्सली गावाजवळ. छप्पर कधीच गेलंय, भिंती तेवढ्या उभ्यात. ह्याच भिंतीतल्या घरट्यातून बिली नावाचा पोरगा ससाण्याचं पिल्लू काढतो, 'केस' सिनेमात. साल १९६९, दिग्दर्शक केन लोच.

आता हा उडतानाचा शॉट नीट बघा. पोरगा दोरीला बांधलेलं आमिष गरगर फिरवतोय आणि पक्षी वळून वळून झेपावतोय, ह्यात ट्रिक काहीच नाही. बिली झालेला डेव्हिड ब्रॅडली इथलाच शाळकरी मुलगा, सिनेमाचा काही अनुभव नाही, शूटिंगसाठी तीन ससाणे माणसाळवलेले आणि ते हाताळायला त्याला शिकवलं रिचर्ड हाइन्सने, म्हणजे ज्या बॅरी हाइन्सच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे त्याच्या सख्ख्या भावाने.

आणि हे पीटीचे सर, पोरांच्या मॅचमध्ये स्वतःच कॅप्टन, स्वतःच रेफ्री! हे ब्रायन ग्लोव्हर, बार्न्सलीतच खरोखर शिक्षक होते, शिवाय कुस्त्या खेळायचे. कॅमेरामन ख्रिस मेंजेस, त्याचा कॅमेरा कायम लांब, कोपऱ्यात, उजेड जमेल तेवढा खिडकीतनं आलेला, म्हणून ही पोरं कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, आपली आपली जगत असतात.

लोचचा जन्म १९३६ चा, ननीटनचा, वडील इलेक्ट्रिशियन. ऑक्सफर्डला कायदा शिकला, मग नाटक, मग बीबीसी. हे ब्लॅक अँड व्हाइट फुटेज 'कॅथी कम होम'चं, १९६६. घर गेलेलं कुटुंब, हातातला कॅमेरा, खरे रस्ते. सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं, पार्लमेंटपर्यंत चर्चा गेली.

ऐंशीच्या दशकात कामगार युनियनवरच्या त्याच्या डॉक्युमेंटऱ्या अडवल्या गेल्या, घर चालवायला जाहिराती केल्या.

पण त्याची खरी गंमत पद्धतीत आहे. बाकीचे दिग्दर्शक एका लोकेशनचे सगळे सीन एकदम उरकतात, पैसे वाचतात. हा गोष्टीच्या क्रमाने करतो, पहिला सीन आधी, शेवटचा शेवटी, आणि नटाला पुढे काय होणार ते बऱ्याचदा सांगतच नाही. 'केस'च्या शेवटी मेलेला ससाणा दिसतो ना, तो आधीच मेलेला दुसराच पक्षी होता, पण ब्रॅडलीला वाटत होतं की आपल्याच तिघांतला एक मारलाय. चौदा वर्षांच्या पोराशी असं वागणं मला तरी पटत नाही, पद्धत कितीही आवडली तरी.

हे न्यूकॅसल, 'आय, डॅनियल ब्लेक', २०१६. फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य-डबे देतात तिथे, रांग लागलीय, शेल्फ लावलेत, मदत करणारे हे लोक फूड बँकेचे खरे कार्यकर्ते. केटी दोन पोरांची आई, पोरांना खाऊ घालून स्वतः उपाशी. पिशवी भरता भरता ती डबा उघडते. आता थोडा वेळ मी बोलत नाही, बघा.

ह्या सिनेमाला कान फिल्म फेस्टिव्हलचं पाम दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळालं. दुसरं पाम दोर, पहिलं २००६ चं, आयर्लंडवरच्या सिनेमाला. पटकथा दोन्हीची पॉल लॅव्हर्टीचीच, नव्वदच्या दशकापासून हे दोघं एकत्र.

आणि हे काउंटी डरहॅम, बंद पडलेल्या कोळसा खाणींचा भाग. 'द ओल्ड ओक', २०२३, कानला दाखवला तेव्हा लोच ८६ वर्षांचा. पबवाला झालेला डेव्ह टर्नर म्हणजे रिटायर झालेला फायरमन, आणि ह्या बसमधून उतरणाऱ्या सीरियन कुटुंबांत युद्धातनं सुटून खरोखर ह्याच भागात राहायला आलेली माणसं आहेत.