मंत्र ऐकतंय कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

१८५६ साली फ्रेंच सरकारने एका जादूगाराला चक्क सरकारी कामगिरीवर अल्जीरियात पाठवलं. झाँ यूजेन रोबेर-उदँ त्याचं नाव. तिथल्या लोकांवर चमत्कार करणाऱ्या फकिरांचा पगडा होता. आमची जादू त्यांच्याहून भारी आहे हे दाखवलं की बंडाची हवा निघून जाईल, असा सरकारचा हिशेब. रंगमंचावर एक छोटी पेटी ठेवली होती. प्रेक्षकांतला एक धट्टाकट्टा गडी वर आला आणि त्याने ती सहज उचलली. जादूगार म्हणाला, आता तुझी ताकद काढून घेतो. गडी पुन्हा वाकला, तर पेटी जागची हलेना. दातओठ खाऊन ओढली, तरी हलेना. शेवटी मुठीतून असा झटका बसला की तो किंचाळत पळाला. पेटीच्या तळाला लोखंड होतं, खाली विद्युतचुंबक होता आणि मुठीपर्यंत विजेच्या तारा नेल्या होत्या. विद्युतचुंबक तयार होऊन तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती.

तीस वर्षं पुढे असलेल्यांनी एवढं केलं. आता समजा, कुणी आपल्यापेक्षा दहा लाख वर्षं पुढे आहे. त्याला नुसती पेटी नको, सबंध जग हवंय. किल्ले, ड्रॅगन, शापवाणी, मंत्र म्हटला की पेटणारे दिवे, आणि हे सगळं खरंच आहे असं मानून जन्मणारी-मरणारी माणसं. किंवा माणसांसारखं कुणीतरी. मयासुराने बांधलेल्या सभेत जमिनीला पाणी समजून दुर्योधनाने वस्त्रं सावरली आणि पाण्याला जमीन समजून तो त्यात पडला. पण त्याला निदान संध्याकाळी त्या सभेतून बाहेर तरी पडता आलं. या जगात जन्मलेल्याला बाहेर असं काही आहे हेच ठाऊक नाही.

असं जग कुणी का बांधावं? करमणूक, कुतूहल, प्रयोग, जुन्या काळाची ओढ. कारणांना तोटा नाही, आणि दहा लाख वर्षं पुढच्यांच्या मनातलं ओळखण्याचा आव मी आणणार नाही. परग्रहवासी आपल्याला लांबून, हात न लावता, राखीव अरण्यासारखं पाहत असतील, ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ जॉन बॉल यांनी १९७३ साली एका शोधनिबंधात मांडली होतीच. मला रस आहे तो बांधकामात.

सुरुवात जमिनीपासून करू. ग्रह घडवण्यापेक्षा चाक फिरवणं स्वस्त. १९७५ साली अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात एक उन्हाळी अभ्यासवर्ग झाला. जेरार्ड ओनील हे भौतिकशास्त्रज्ञ त्यामागची प्रेरणा. त्यातून एका अंतराळवस्तीचा आराखडा निघाला: १.८ किलोमीटर व्यासाचं पोकळ चाक, मिनिटाला एक फेरा, आत दहा हजार माणसं. फिरण्यामुळे कडेला पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. चाकाच्या मध्याकडे जावं तसं ते कमी होत जातं, आणि तिथे हवा असेल तर माणूस हाताला पंख बांधून उडू शकेल. ड्रॅगनची सोय झाली! तसं पाहता पृथ्वीवरही क्वेट्झलकोअॅटलस नावाचा दहा मीटर पंखविस्ताराचा सरपटणारा प्राणी उडून गेलाच आहे. आगीचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागेल.

पण या चाकात एक गोम आहे. तिथे वीस मीटर उंच बुरुज बांधून माथ्यावरून दगड सोडा. तो सरळ पायथ्याशी पडणार नाही. चाक फिरतं त्याच्या उलट बाजूला जवळजवळ तीन मीटर लांब पडेल. पृथ्वी फिरते म्हणून आपल्याकडेही दगड सरकतो, पण विषुववृत्तावर वीस मीटरांच्या उंचीला फक्त दोन मिलिमीटर. म्हणजे तिथल्या एखाद्या चौकस पोराला ओळंबा, दगड आणि खडू एवढ्यावर आपल्या विश्वाचा व्यास काढता येईल. ते टाळायचं तर चाक मोठं करा, दिवसाला एकच फेरा घेऊ द्या. मग त्रिज्या लागते १८ लाख किलोमीटरांहून जास्त, आणि आपल्याला माहीत असलेला एकही पदार्थ तो ताण सोसणार नाही.

ऊर्जेची मात्र त्यांना ददात नाही. सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ निकोलाय कार्दाशेव्ह यांनी १९६४ साली संस्कृतींची प्रतवारी ऊर्जेवरून लावली. दुसऱ्या प्रतीची संस्कृती आपल्या ताऱ्याची सगळी ऊर्जा वापरते. सूर्य एका सेकंदात जेवढी ऊर्जा बाहेर फेकतो, ती आजच्या सगळ्या मानवजातीला आजच्या वापराने सुमारे सहा लाख वर्षं पुरेल. असला तारा ज्यांच्या खिशात, त्यांना एखाद्या जगाचा खर्च तो काय!

आता जादू. १९९३ साली जे. स्टॉर्स हॉल या संगणकशास्त्रज्ञाने एका धुक्याची कल्पना मांडली. धुक्याचा प्रत्येक कण म्हणजे डोळ्याला न दिसणारा यंत्रमानव, त्याला बारा हात, आणि हे कण एकमेकांचे हात धरून हवा तो आकार घेतात. आत्ता हवा, मग खुर्ची, मग भिंत. असं धुकं साऱ्या जगात भरून ठेवा. मांत्रिकाने हात वर केला की शिळा उठते, कारण अब्जावधी कणांनी ती उचललेली असते.

यात हिशेब मजेशीर निघतात. एक टनाची शिळा दहा मीटर वर उचलायला जी ऊर्जा लागते, तिच्या तिपटीहून जास्त एक लिटर पाणी उकळायला लागते. तेव्हा कथांमधला तो मांत्रिक, जो शिळा उचलून घामाघूम होतो आणि नंतर चुटकीसरशी कढई उकळतो, त्याचं गणित उलटं आहे. आणि राजपुत्राचा बेडूक? सत्तर किलोचा माणूस अर्धा किलोचा झाला तर उरलेले साडेएकोणसत्तर किलो गेले कुठे? त्यांची ऊर्जा केली, तर आजवरच्या सर्वांत मोठ्या अणुस्फोटाच्या, म्हणजे १९६१ च्या त्या ५० मेगाटनी सोव्हिएत बॉम्बच्या, तीसपट भडका होईल. शाप देणारी चेटकीण, राजवाडा, राज्य, काही उरायचं नाही. शहाणे बांधकामवाले गुपचूप राजपुत्राला जमिनीखाली नेतील आणि एक तयार बेडूक वर सोडतील.

विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांचं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय: पुरेसं पुढारलेलं तंत्रज्ञान जादूपासून वेगळं ओळखता येत नाही. मला ते पूर्ण पटत नाही. पेटी उचलू न शकलेल्या त्या गड्यापुरतं ते खरं आहे, कारण त्याला एका संध्याकाळी दोनदाच उचलायला मिळालं. रोज उचलायला दिली असती तर? काही दिवसांत त्याच्या ध्यानात आलं असतं की ही पेटी याच फळीवर जड होते, शेजारच्या फळीवर नाही.

तेच मंत्राचं. निसर्गाला भाषा कळत नाही. विस्तव कुणाचं नाव विचारत नाही, गुरुत्वाकर्षणाला उच्चार शुद्ध लागत नाहीत. ज्या जगात तीन शब्द बोलल्यावर दिवा पेटतो आणि एक शब्द चुकला की पेटत नाही, तिथे कुणीतरी त्या शब्दांचा अर्थ आधी ठरवून ठेवलेला असतो. तिथल्या एखाद्या पोरीने पोपटाला मंत्र पढवावा. पोपट बोलल्यावर दिवा पेटला, तर दिवा आवाज ऐकतोय. नाही पेटला, तर कोण बोलतंय याची चौकशी होतेय. दोन्हीकडून निष्कर्ष एकच: ऐकणारं काहीतरी आहे. मग तिने डोंगरावरून दूरच्या दिव्याला मंत्र म्हणावा आणि उशीर मोजावा. जवळच्या दिव्याइतक्याच वेळात तो पेटला, तर आवाज दिव्यापर्यंत जात नाही, तिच्या आसपासच टिपला जातो. ‘अमक्याच घराण्यात विद्या उतरते’ असं सांगणाऱ्या राजगुरूंना हे प्रयोग मुळीच आवडणार नाहीत, कारण घराण्याची थोरवी म्हणजे परवानगीची यादी निघेल.

म्हणून मला वाटतं, मंत्राला हुकमी ओ देणारं जग हे बांधलेलं असण्याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा खुद्द त्याची जादूच आहे. आपल्या विश्वात असं काही सापडत नाही. इथे लेन्स कुणीही घासली तरी प्रकाश वाकतो.

आणि इथे या गमतीच्या विषयाला काटा येतो. ते धुकं खोलीखोलीत आहे. त्याला शिळा उचलता येते, नाडी मोजता येते, नसेतली गाठ काढता येते. तापाने फणफणलेलं पोर आईच्या मांडीवर जातं तेव्हाही ते तिथेच असतं. आपल्याकडे अशा मृत्यूला दोष द्यायला कुणी नसतं. तिथे प्रत्येक मृत्यूमागे कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. ‘कथेत दुःख हवं’ म्हणून घेतलेला. रोबेर-उदँचा गडी निदान पळून घरी गेला.

बांधणाऱ्यांना आतल्यांपासून लपता येईल, बाहेरच्यांपासून कठीण. वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडणारच. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९६० सालीच सुचवलं होतं की ताऱ्याला वेढून टाकणारी बांधकामं शोधायची तर अवरक्त किरणांत, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत, शोधा. सुखद तापमानाचं कवच दहा मायक्रॉनच्या आसपास लांबीच्या अवरक्त लहरींत चमकतं. असा शोध खरोखर चालू आहे. २०२४ साली हेफेस्टॉस नावाच्या प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी गाया आणि वाइज या दुर्बिणींच्या नोंदी, इतर सर्वेक्षणांसह, चाळून पन्नास लाख ताऱ्यांमधून सात संशयित काढले. सातही लहान, लालसर तारे. त्यांतल्या काहींच्या अगदी मागे, त्याच रेषेत, धुळीने भरलेल्या दूरच्या दीर्घिका असाव्यात, आणि जास्तीची उष्णता त्यांचीच असावी, असं लवकरच रेडिओ निरीक्षणांतून पुढे आलं.

उद्या एखादा संशयित खरा निघाला, तरी दुर्बिणीला दिसेल ते एवढंच: ताऱ्याचा प्रकाश इतका कमी, उष्णता इतकी जास्त, कवचाचं तापमान सुमारे इतकं. आत कारखाने आहेत, नुसते संगणक आहेत, की पोपटाला मंत्र शिकवणारी पोरगी आहे, याबद्दल त्या आकड्यांत काहीही नसेल.

नमस्कार.