रजा मंजूर, बिनपगारी

नमस्कार श्रोतेहो. बारा वर्षांची पगारी नोकरी सोडून मी स्वतंत्रपणे कंत्राटी कामं घ्यायला लागले, त्याच्या दुसऱ्याच महिन्यातली गोष्ट. अंगात सणसणून ताप. सकाळी आठला सवयीनं लॅपटॉप उघडला आणि लिहायला घेतलं, ‘विषय: आजारपणाच्या रजेबाबत. महोदय, काल रात्रीपासून ताप असल्यानं मला दोन दिवस...’ सगळं लिहून झालं. कर्सर वर नेला, ‘प्रति’च्या रकान्यात. एरवी तिथं पहिलं अक्षर टाकलं की साहेबांचं नाव आपसूक यायचं. आता अक्षर कुठलं टाकू? कर्सर आपला लुकलुकतोय. नवरा मागे उभा होता. म्हणाला, "मला पाठव, मी मंजूर करतो." तापाच्या भरात मी खरंच पाठवला. दोन मिनिटांत उत्तर, ‘रजा मंजूर. बिनपगारी.’

हसता हसता खोकला आला. पण खरी मेख त्याच एका शब्दात होती. बिनपगारी. (शाळेत रजेचा अर्ज आमच्याकडून दहा वेळा गिरवून घेतला, अडकलेले पैसे मागायचं पत्र एकदाही नाही. अभ्यासक्रम नोकरदारच ठरवत असणार, दुसरं काय!)

तुम्हीही नोकरी सोडून अशी कामं घ्यायचा विचार करत असाल, तर हिशेब असा. आठवडे 52, कामाचे दिवस पाच, म्हणजे वर्षाला 260. आजारपण, सणवार, सुट्टी यांचे 40 काढा, उरले 220. नवं काम शोधणं, कोटेशन, वसुलीचे फोन यांत आठवड्याचा एक दिवस जातोच. हातात राहतात साधारण 175. पुन्हा सांगते, पगार 260 दिवसांचा, बिल 175 दिवसांचं. म्हणून आजच्या वर्षाच्या पगाराला 260 नं भागून आलेला आकडा हा तुमचा दिवसाचा दर नव्हे. त्याच्या दीडपट लावाल तेव्हा कुठे पगाराची बरोबरी. विमा, निवृत्तीची तजवीज, बिघडलेला लॅपटॉप हे त्याच्याही वर.

एकाच कंपनीचं काम, त्यांच्याच वेळेत, त्यांच्याच खुर्चीत करणार असाल, तर थांबा. अनेक देशांत करखातं अशा माणसाला नोकरदारच धरू शकतं.

आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. करारात बिल किती दिवसांत चुकतं होणार, ती ओळ सहीच्या आधी शोधा. माझ्या पहिल्या करारात 60 दिवस लिहिलं होतं. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली ती एकतिसाव्या दिवशी.

नमस्कार.