क्वेटियापिन: कंपनी बदलली तर चालेल, 'एसआर' गळालं तर नाही

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली तोच प्रश्न परत परत: "ताई, मेडिकलवाल्याने दुसऱ्याच कंपनीची क्वेटियापिन दिली, घेऊ का?" घ्या, आज होऊनच जाऊ दे. क्वेटियापिन म्हणजे मानसिक आजारांवरची गोळी; ती साधीही मिळते आणि हळूहळू औषध सोडणारीही, त्या दुसरीला एसआर किंवा एक्सआर म्हणतात.

आधी पटापट. मूळ ब्रँड सेरोक्वेल, अमेरिकेत १९९७ साली मंजूर. साध्या गोळीचं जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध, तिथे २०१२ मध्ये आलं. मंजुरी स्किझोफ्रेनियाला, बायपोलरमधल्या मॅनियाला (म्हणजे अति उत्तेजित अवस्थेला) आणि बायपोलरमधल्याच डिप्रेशनलाही. नुसतं डिप्रेशन असेल तर दुसऱ्या औषधाच्या जोडीला, तेही फक्त एक्सआर. आणि झोपेसाठी? नाहीये हो मंजुरी! गुंगी हा तिचा साइड इफेक्ट. शेजारणीच्या स्ट्रिपमधली २५ ची गोळी झोपताना घेणाऱ्या काकू, कमेंट वाचली तुमची. वजन वाढतं, शुगर वाढते. डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

आता खरी गोम. सॉल्ट (म्हणजे आतलं मूळ औषध) तेच, पॉवर तीच, प्रकारही तोच असेल, तर कंपनी कुठलीही चालेल. पण 'प्रकार' कुणी बघतच नाही! साधी २०० आणि एसआर २००, आकडा एकच, पण औषध सुटायची तऱ्हा वेगळी. साधी लगेच विरघळते, म्हणून ती बऱ्याचदा दिवसातून दोनदा असते. एसआर पोटात फुगून जेलसारखी होते आणि हळूहळू औषध सोडते, म्हणून एकदाच.

माझ्याच काउंटरवरची गोष्ट. एक काका आले, "चक्कर येतेय." एसआरचे दोन तुकडे करून घेत होते, गिळायला सोपं म्हणून! तुकडा केला की त्या हळूहळू सुटण्यावर भरवसा उरत नाही. तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही.

उलटही होतं. चिठ्ठीत 'एसआर' पुसट असतं, हातात साधी पडते. माणूस म्हणतो, "जेनेरिक होती, म्हणून लागू पडली नाही." अहो, जेनेरिकचा काय दोष? प्रकार चुकला! पैसे देण्याआधी स्ट्रिप उलटी करा, नावापुढची अक्षरं वाचा. एसआर, एक्सआर, ईआर, कंपनीगणिक वेगळी लिहितात. जुन्या स्ट्रिपशी जुळत नसतील तर डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

आणि ज्यांनी विचारलंय, "एसआर पुरणपोळीवर घेतली तर चालेल का?" नाही दादा. रिकाम्या पोटी, नाहीतर हलकं खाऊन. तूप घातलेली पोळी हलक्यात मोजत नाहीत.