फर्नेसवरचा गंज: आधी पाणी शोधा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या आपल्या घरांमध्ये दसरा-दिवाळीच्या सुमारास थर्मोस्टॅट 'हीट'वर जातो आणि बेसमेंटमधली फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, पुढचे कित्येक महिने रात्रंदिवस राबते. त्याआधी एकदा खाली जाऊन तिच्याकडे नीट बघावं, आणि गंज दिसला तर काय करावं, हा आजचा विषय. गंज दिसला की हात आधी सँडपेपरकडे जातो. तसं करू नका. पत्र्यावर पाणी आल्याशिवाय गंज चढत नाही. ते पाणी कुठून येतंय हे कळलं नाही, तर घासून रंगवलेला पत्रा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तांबडा दिसेल.

पाणी येण्याची एक वाट खुद्द ज्वालेतच आहे. नैसर्गिक वायू जळतो तेव्हा पाण्याची वाफ तयार होते. एक थर्म (गॅस मोजण्याचं एक माप) वायू जळला की चार लिटरच्या वर पाणी होईल एवढी वाफ! तुमच्या फर्नेसची धुराची नळी धातूची असेल, तर ती बहुधा ८० टक्के कार्यक्षमतेची. तिच्यात ही वाफ गरम धुराबरोबर वर निघून जाते. नळी पांढऱ्या प्लॅस्टिकची, म्हणजे पीव्हीसीची असेल, तर फर्नेस ९० टक्क्यांच्या वरची. तिच्यात वाफेचं मुद्दाम पाणी केलं जातं आणि त्यातली उष्णता घराला मिळते. पण हे पाणी आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३ ते ४. अशा फर्नेसमध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे धुरातली उष्णता घरातल्या हवेला देणारे धातूचे भाग, दोन असतात. म्हणून त्यातला दुसरा सहसा स्टेनलेस स्टीलचा असतो. तेच पाणी गळून साध्या पत्र्यावर पडलं तर पत्रा भराभर खाल्ला जातो.

आता तपासणी. थर्मोस्टॅट बंद करा. फर्नेसजवळच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखं बटण असतं, तेही बंद करा. गॅसच्या कॉकचा दांडा नळीला आडवा करा. तासभर निवू द्या आणि मग पुढची दोन्ही झाकणं काढून टॉर्च मारा. गॅसचा वास आला तर काहीही न हाताळता घराबाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

गंजाचे ओघळ वरून खाली आलेले दिसले, तर पहिला संशय एसीच्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर घ्या. बहुतेक घरांत ही कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसवलेली असते. उन्हाळ्यात तिच्यावर जमलेलं पाणी खालच्या तबकात पडतं आणि पाऊण इंची नळीतून बाहेर जातं. नळीत शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला की तबक भरून वाहतं आणि पाणी थेट हीट एक्स्चेंजरवर पडतं. हा गंज उन्हाळ्यात चढतो, दिसतो मात्र हिवाळ्यात, आणि म्हणून त्याचं कारण भलतीकडेच शोधलं जातं. नळीच्या बाहेरच्या टोकाला ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम लावून ती मोकळी करा. मग एक कप पांढरं व्हिनेगर ओता, अर्धा तास थांबा आणि साधं पाणी सोडा. ब्लीच वापरू नका. क्लोरीनची वाफ ज्वालेत गेली की तिचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि ते आतला धातू खातं. ब्लीचच्या बाटल्या, तलावाची रसायनं, रंग काढायची द्रावणं फर्नेसजवळ ठेवू नयेत, ती याचसाठी. पुष्कळ घरांत हे सगळं त्याच कोपऱ्यात असतं. ते आजच हलवा.

ओघळ बाजूने असतील आणि त्यांच्या कडेला पांढरे क्षार दिसत असतील, तर ह्युमिडिफायर, म्हणजे हिवाळ्यात घरातल्या हवेत ओलावा सोडणारं, फर्नेसला जोडलेलं यंत्र, गळतो आहे. त्याची निचऱ्याची नळी दुमडली आहे का बघा, आतलं पॅड दर हंगामात बदला आणि उन्हाळ्यात त्याचं पाणी बंद ठेवा.

९० टक्क्यांच्या फर्नेसमध्ये गंज खालच्या खणात असेल, तर निचऱ्याचा ट्रॅप (पाणी जाऊ देणारा पण धूर अडवणारा भाग) आणि रबरी नळ्यांचे क्लॅम्प तपासा. घराबाहेर जाणाऱ्या पीव्हीसी नळीला फर्नेसच्या दिशेने दर फुटाला पाव इंच उतार हवा. नळी मध्येच लोंबली असेल तर तिथे पाणी साचतं. धातूच्या नळीचा नियम याच्या उलट: ती फर्नेसपासून चिमणीकडे दर फुटाला पाव इंच चढती हवी. तिच्या सांध्यांवर पांढरी भुकटी आणि गंजाची भोकं दिसली, तर धूर नळीतच थंड होऊन तिथे पाणी धरतो आहे. जुनी फर्नेस काढून नवी, पीव्हीसी नळीची बसवली आणि मोठ्या चिमणीला फक्त गरम पाण्याची टाकी जोडलेली राहिली, की हे हमखास घडतं. एकट्या टाकीच्या धुराने एवढी चिमणी तापत नाही. अशा वेळी चिमणीत लहान व्यासाचं धातूचं अस्तर घालून घ्यावं लागतं.

आणखी एक कारण खास आपल्याकडचं. डिसेंबरात भारतात जाताना थर्मोस्टॅट अगदी खाली करून जातात. अनेक उत्पादकांच्या सूचनांनुसार फर्नेसकडे परत येणारी हवा सतत ६० अंश फॅरनहाइटच्या खाली राहू नये. तशी राहिली तर पहिल्या, सहसा स्टेनलेस नसलेल्या पोलादाच्या हीट एक्स्चेंजरमध्येच वाफेचं पाणी होतं. जाताना ६२ वर ठेवा. वाचणारा गॅस आणि जाणारा हीट एक्स्चेंजर यांची तुलना होऊ शकत नाही. बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी दोऱ्यांवर ओले कपडे वाळत घालणंही टाळा. दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली राहील इतपत डीह्युमिडिफायर चालवा.

पाण्याची वाट बंद झाली की मगच घासायचं, आणि तेही फक्त बाहेरच्या पेटीवर आणि तळाच्या पत्र्यावर. आधी तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढा, मग १२० नंबरचा आणि शेवटी २२० नंबरचा सँडपेपर फिरवा. चष्मा आणि मास्क लावा. सगळी धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर तीच बर्नरमध्ये जाते. पत्रा कोरडा पुसून गंजरोधक प्रायमरचा हात द्या आणि त्यावर धातूचा रंग लावा. स्प्रेच्या डब्यातला वायू पेट घेणारा असतो. फर्नेसबरोबरच गरम पाण्याच्या टाकीची पायलट, म्हणजे सतत जळणारी छोटी ज्योतही विझवलेली हवी. खिडकी उघडी ठेवा आणि रंग डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका पूर्ण वाळेपर्यंत काहीही पेटवू नका. बोट आरपार जाईल इतका पत्रा गेला असेल तर तो बदलायचा असतो, रंगवायचा नाही.

बर्नर, हीट एक्स्चेंजर, गॅस व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही. बर्नरवर गंजाचे पापुद्रे पडलेले दिसणं, निळी ज्योत पिवळी होणं, पंखा सुरू होताच ज्योत हलणं, यांपैकी काहीही दिसलं तर फर्नेस बंद ठेवून परवानाधारक तंत्रज्ञ बोलवा. हीट एक्स्चेंजरला चीर गेली की कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. चिरेवर सिमेंट किंवा सीलंट लावून भागत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली फर्नेस नुसती वाळवून पेटवणंही तितकंच धोक्याचं.

प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग (७० पीपीएम) कार्बन मोनॉक्साइड असला तरी तो लगेच वाजत नाही. मानकाप्रमाणे त्याला एक ते चार तास लागू शकतात. म्हणून घरात सगळ्यांचंच एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर अलार्मची वाट न बघता बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

तंत्रज्ञाने हीट एक्स्चेंजर गेला असं सांगितलं तर चिरेचा फोटो मागा. फर्नेसच्या दाराआतल्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर उत्पादकाला कळवून वॉरंटी विचारा. हीट एक्स्चेंजरची वॉरंटी बाकीच्या भागांपेक्षा बरीच लांब, पुष्कळदा २० वर्षांची असते. मजुरी मात्र सहसा तिच्यात धरलेली नसते, तेव्हा तो आकडा आधीच लेखी घ्या.