टाचणीचं भोक

नमस्कार श्रोतेहो.

दर शनिवारी दुपारी मी आमच्या गावच्या वाचनालयात पाचवी ते सातवीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. गोष्ट रहस्याची हवी, ही त्यांची अट. हे वयच तसं आहे. परीकथा 'लहान मुलांच्या' म्हणून मागे पडलेल्या असतात आणि मोठ्यांच्या कादंबरीत अजून जीव रमत नाही. मधली ही तीन-चार वर्षं फार मोलाची. या दिवसांत हाताशी खिळवून ठेवणारं पुस्तक आलं तर मूल पुढे वाचत राहतं. नाही आलं, तर बरीचशी मुलं पुस्तकांपासून दूर जातात. कितीतरी मुलांच्या बाबतीत मी हे होताना पाहिलं आहे.

मराठीत या वयाला हक्काचा एक दोस्त आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा, तोंडानं 'ट्टॉक्' करणारा. भा. रा. भागवतांनी त्याची वीस पुस्तकं लिहिली. आजही आमच्याकडे त्यांतलं एखादं कपाटात सुखानं पडून आहे असं होत नाही. एकाच्या हातून सुटलं की दुसऱ्याच्या हाती.

पण आज मी तुम्हाला एका जर्मन मुलाची गोष्ट सांगणार आहे. एरिक केस्टनर या लेखकाचं 'एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज' हे पुस्तक १९२९ साली आलं. मी इंग्रजी प्रत मांडीवर ठेवते आणि मराठीत सांगत जाते. मुलांसाठी रहस्यकथा कशी रचावी हे मला कळलं ते या पुस्तकामुळे.

एमिलला वडील नाहीत. आई घरीच बायकांचे केस धुऊन, नीट बसवून चार पैसे मिळवते. तो एकटा आगगाडीनं बर्लिनला आजीकडे निघालाय. जवळ एकशे चाळीस मार्क आहेत. त्यातले एकशे वीस आजीला द्यायचे, उरलेले त्याचे. शंभराची एक नोट, विसाच्या दोन. मुलाला पक्कं ठाऊक आहे की आईनं या नोटा जोडायला किती डोकी धुतली असतील. डब्यात डोक्यावर गोल टोपी घातलेला एक माणूस भेटतो. चॉकलेट देतो, बर्लिनच्या थापा मारतो. एमिलचं मन स्वस्थ राहत नाही. तो गाडीतल्या संडासात जातो, नोटा मोजतो आणि कोटावरची टाचणी काढून पाकीट, नोटा आणि कोटाचं अस्तर सगळं एकत्र टोचून टाकतो.

इथे मी वाचताना थोडी थांबते, पण बोलत काही नाही.

मग एमिलला डुलकी लागते. जागा होतो तर डब्यात कोणी नाही, खिशात पैसे नाहीत. खिसा चाचपताना टाचणी तेवढी बोटाला टोचते. फलाटावरच्या गर्दीत ती गोल टोपी दिसते आणि हा बॅग उचलून भलत्याच स्टेशनवर उतरतो. पुढच्या स्टेशनवर आजी आणि मावसबहीण फुलांच्या दुकानापाशी वाट बघत उभ्या आहेत, आणि हा अनोळखी शहरात चोराच्या मागे.

आता मुलं हमखास विचारतात, "मग पोलिसाकडे का नाही गेला?" हा प्रश्न फार महत्त्वाचा. मुलांच्या रहस्यकथेत मोठ्या माणसांना बाजूला ठेवावंच लागतं, नाहीतर गोष्ट दोन पानांत संपेल. कित्येक लेखक आईबाबांना गावाला पाठवतात आणि मोकळे होतात. केस्टनरनं काय केलंय बघा. एमिलनं आपल्या गावात, मित्रांसोबत, ग्रँड ड्यूकच्या पुतळ्याचं नाक लाल रंगवलंय आणि त्याला मिशा काढल्यात. हवालदारानं ते पाहिलंय, असं एमिलला वाटतंय. पोलिसासमोर गेलो तर मलाच धरतील, ही भीती त्याच्या पोटात आहे. हे ऐकल्यावर आमच्याकडे एकही मूल हसत नाही. प्रत्येकाचा असा एकेक पुतळा असतो, घरी न सांगितलेला.

मग भेटतो मोटारीचा भोंगा घेऊन हिंडणारा गुस्ताव. तो पोरं जमवतो. पैसे गोळा होतात, कामं वाटली जातात, परवलीचा शब्द ठरतो 'एमिल'. चोर हॉटेलात उतरलाय, बाहेर पहारा बसतो. सकाळी चोर बाहेर पडतो, तर मागे पोरांची ही झुंबड. पळायला वाट नाही म्हणून तो बँकेत शिरतो आणि नोटा मोडायला देतो. पोरं ओरडतात, हे पैसे चोरीचे आहेत! रोखपाल विचारतो, पुरावा काय? नोटेवर कुणाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं!

आणि एमिलला टाचणी आठवते. नोटा उजेडात धरल्या जातात. प्रत्येकीला बारीक भोकं.

मागच्या वर्षी या ठिकाणी सहावीतली एक मुलगी जागेवरून उठून ओरडली, "मला माहीत होतं!" तिला खरंच माहीत होतं. टाचणी तिनंही पाहिली होती, एमिलसोबतच. लेखकानं ती लपवली नव्हती, घाबरलेल्या मुलाच्या खटपटीत सहज ठेवून दिली होती. दहा-बारा वर्षांच्या वाचकाचा मान राखणं म्हणतात ते हेच. जे नायकाला दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे.

अलीकडे माझ्या हाती येणाऱ्या बऱ्याच पुस्तकांत हे होत नाही, याचं मला वाईट वाटतं. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर काका जीपमधून उतरतात आणि पोरांना ठाऊकच नसलेलं काहीतरी सांगून उलगडा करतात. नाहीतर सगळं काम मोबाइल करतो. मग पोरांनी दोनशे पानं धावपळ केली ती कशासाठी? मुलं असं पुस्तक परत करताना काही बोलत नाहीत. नुसतं टेबलावर ठेवतात आणि मैदानाकडे पळतात.

आणखी एक सांगते. एमिल चोरामागे ट्राममध्ये चढतो तेव्हा तिकिटाला पैसे नसतात. पेपर वाचत बसलेला एक गृहस्थ त्याचं तिकीट काढतो. शेवटी वार्ताहर म्हणून तोच पुन्हा भेटतो, आणि कळतं की त्याचं नाव केस्टनर. लेखक स्वतःच्या गोष्टीत शिरला तो मुलाला वाचवायला नव्हे. त्यानं एक तिकीट काढून दिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. आपल्या भागवतांनाही फेणेच्या जगात असं डोकावायची हौस होती. मोठ्यांनी एवढंच करावं, असं मला मनापासून वाटतं. याच केस्टनरची बाकीची पुस्तकं १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी जाळली, आणि तो गर्दीत उभा राहून ते बघत होता. 'एमिल' तेवढं त्या वेळी बचावलं. ते घराघरांतल्या मुलांचं झालं होतं.

घरी वाचून दाखवणार असाल तर रोज एकच प्रकरण घ्या, आणि टाचणीसारखी जागा आली की आवाज चढवू नका. मुलांना ती आपली आपण सापडू द्या.

चोर पकडला गेला, तो बँक लुटणारा निघाला, हजार मार्कांचं बक्षीस मिळालं, की मला वाटायचं गोष्ट संपली. पण एकदा मागच्या रांगेतल्या, एरवी गप्प असणाऱ्या मुलानं विचारलं, "आणि तो फोनपाशी बसलेला?"

त्या पोरांच्या टोळीत एक धाकटा मुलगा आहे, डीन्स्टाग नावाचा. डीन्स्टाग म्हणजे मंगळवार. त्याच्या घरी फोन आहे, म्हणून निरोप घ्यायला त्याला घरीच बसवलंय. बाहेर सगळी धमाल, आणि हा फोनजवळ. शब्द दिलाय म्हणून जागचा हलत नाही. शेवटी सगळी पोरं खाऊ खायला जमतात तेव्हा आजी सगळ्यांसमोर त्याचंच कौतुक करते.

मी ते पान शोधलं आणि पुन्हा वाचलं. मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, अजून एकदा."