क्वेबेक पाहावं नदीवरून

नमस्कार श्रोतेहो. कॅनडातल्या क्वेबेक शहरात गेलात, तर सुरुवात बोटीनं करा. सेंट लॉरेन्स नदीपल्याडच्या लेव्ही गावाला जाणारी फेरीबोट जुन्या शहराच्या पायथ्याशीच सुटते आणि दहा-बारा मिनिटांत पैलतीरी पोचवते. पर्यटकांसाठीची महागडी क्रूझ कशाला हवी? तोच देखावा साध्या तिकिटात दिसतो. परतताना डेकवर पुढे उभं राहा. समोर ताठ कडा, पायथ्याशी दगडी घरं, माथ्यावर शातो फ्रोंतेनाक हे 1893 सालचं हॉटेल.

फ्रोंतेनाक हे फ्रेंचांचे इथले गव्हर्नर. ऑक्टोबर 1690 मध्ये मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतून विल्यम फिप्स तीसहून अधिक जहाजं घेऊन याच पाण्यात येऊन ठाकला. शरण या, असा खलिता देऊन त्यानं दूत पाठवला. फ्रेंचांनी दूताच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि सरळ वर न नेता गल्लीबोळांतून, अडथळ्यांवरून हिंडवला. भोवती लोकांनी असा कल्ला केला, की त्याला वाटावं, गावात केवढी फौज आहे! बायका म्हणे त्याची आंधळी कोशिंबीर करून हसत होत्या. पट्टी सुटली ती गव्हर्नरांच्या वाड्यात, झकपक पोशाखातल्या अधिकाऱ्यांच्या गराड्यात. दूतानं खलिता दिला, घड्याळ काढलं आणि सांगितलं: दहा वाजलेत, अकरापर्यंत उत्तर हवं. फ्रोंतेनाक भडकले. दूतानं लेखी उत्तर मागितलं, तर म्हणाले, तुमच्या सेनापतीला उत्तर माझ्या तोफांच्या तोंडूनच मिळेल. तसंच मिळालं. त्यात फिप्सच्या माणसांत देवीच्या रोगाची साथ, वर थंडी. दहा दिवसांच्या आत फिप्सनं नांगर उचलले.

त्या वाड्याचे अवशेष आज हॉटेलसमोरच्या डफरिन टेरेस या फिरायच्या सज्जाच्या फळ्यांखाली आहेत. खालच्या प्लास रोयाल चौकातल्या चर्चला या विजयाचं नाव मिळालं. 1711 मध्ये दुसरा इंग्रज ताफा नदीत खडकांवर फुटला, तेव्हा चर्चच्या नावात एका विजयाचे अनेक विजय झाले. आत गेलात की मान वर करा, छताला जहाज टांगलंय.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी खालचं गाव, मग वरचं. खालून वर 1879 पासून चालू असलेली फ्युनिक्युलर, म्हणजे कड्यावरून दोरानं ओढली जाणारी गाडी, नेते. शेजारी जिना आहे, पण हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ घट्ट होतो. बुटांचे तळ खाचांचे हवेत.

जेवण दुपारी घ्या, ताब्ल दोत मागा. सूप, मुख्य पदार्थ आणि बहुधा गोड किंवा कॉफी एका दरात येतं. पुतीन म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, वर चीजचे ताजे गोळे आणि गरम ग्रेव्ही. ताजं चीज दाताखाली करकरतं; फ्रिजमध्ये राहिलेलं मुकं होतं. त्यावर सतरा गोष्टी घालून देतात, तो निव्वळ अत्याचार. शाकाहाऱ्यांनो, ग्रेव्ही सहसा मांसाच्या रश्शाची असते आणि वाटाण्याच्या सूपमध्येही डुकराचं मांस असतं. आधी विचारा.

मेनूवरच्या दरात कर नसतो. 5 टक्के आणि 9.975 टक्के असे दोन लागतात. टीप साधारण 15 टक्के, तीही कर धरायच्या आधीच्या रकमेवर. म्हणजे बिलावरच्या दोन करांची बेरीज हीच तुमची टीप.

मेपल सिरप पर्यटकांच्या दुकानातल्या नक्षीदार बाटलीत घेऊ नका. किराणा दुकानातला 540 मिलिलिटरचा डबा घ्या, विमानात चेक-इन सामानात टाका. घरी उघडल्यावर काचेच्या बाटलीत ओतून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलं तर बुरशी धरते.